जंबेरी

दर महिन्याचा दुसरा शनिवार.
शेंदुरजना घाटच्या बचत भवनात
सतरंजीवर नऊ जोडपी, एक एकटी आई,
बालगृहातल्या दोन ताई,
आणि खांबाला टेकून तालुक्याचा नवा संरक्षण अधिकारी,
ज्याचा फोन दर दहा मिनिटांनी
कुणाच्या तरी लग्नाचा बँड वाजवतो.

आजचा विषय : लेकराला केव्हा सांगायचं.

खेरड्यांची सून बोलली आधी.
सहा महिने तिनं पोटाला उशी बांधली होती.
सातव्यात डोहाळजेवण झालं, हिरवी साडी, पाच फळं,
"आत्याबाईनं पोटावर हात ठेवला तवा
उशीलेच घाम फुटला, मॅडम."
कुणी हसलं नाही. मग तीच हसली,
मग सगळे.

मी माझी नेहमीची गोष्ट काढली.
चौदा वर्षं सांगतेय, पाठ आहे.
खालचं खोड जंबेरीचं, वरचा डोळा संत्र्याचा,
पट्टी बांधली, दिवस गेले,
आता सांगा, झाड एक की दोन?
इथं दर दुसऱ्या घराची नर्सरी.
माना डोलतात. नेहमी डोलतात.

प्रल्हाद यावल्यानं हात वर केला, अर्धाच.

"रागावू नका, मॅडम.
मी एकवीस वर्सांपासून डोळे बांधतो.
डोळा धरला की आमी जंबेरीची मुंडी छाटतो.
थे तुमी सांगत नाई.
आन् पट्टीच्या खालून फुटवा आला
का आंगठ्यानं मोडतो. दर आठ दिवसानं.
नाई मोडला तं जंबेरीच वर येते."

पंखा फिरत होता, एका पात्याचा आवाज वेगळा.

"आमची रेणू आली तवा तीन वर्सांची.
रातच्याले झोपीत म्हणे, डा, डा.
आमाले वाटलं दादा म्हणते,
कोनी भाऊ आठवत असन.
पंधरा दिवस पुतण्याले आणून
तिच्या उशाशी बसवला.
मंग धारणीकडची एक बाई आली रोपं मोजाले.
थे म्हणे, अरे बापू,
पोरगी पाणी मागून राह्यली."

त्यानं अंगठा पाहिला स्वतःचा.
नखात काळी माती, कडेला चाकूचा जुना वण.

"थे खालून आलेलं हाय.
सांगा. मोडू?"

माझ्या पुस्तिकेत शेहेचाळीस पानं आहेत.

बालगृहातली धाकटी ताई
माझ्याकडं न बघता बोलली :
"तिच्या फाइलीत, भाषेच्या रकान्यात,
मी लिहिलं होतं, अजून बोलत नाही."

मोठ्या ताईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.
अधिकाऱ्यानं फोन बंद केला.

तेवढ्यात रेणूच आली धावत,
सात वर्षांची, लंगडीत पडलेली, धाप लागलेली.
बापानं तांब्या पुढं केला :
"डा?"
तिनं आम्हा सगळ्यांकडं पाहिलं. कान लाल.
"पाणी म्हण ना, बाबा. लोकं हायत."
गटागटा प्यायली,
उरलेलं त्याच्या पायावर ओतलं
आणि गेली.

आलूबोंडे आले. रजिस्टर फिरलं.
नातं या रकान्यात यावल्यानं
"बाप" लिहिलं,
इतकं दाबून
की मागच्या पानावर उमटलं.

निघताना त्यानं माझ्या पिशवीत
चार ओबडधोबड फळं घातली.
"बियाण्याचं एक झाड ठेवतो बांधावर.
त्याले चाकू लागत नाई.
आंबट हायत लय. पन येतात."

शेवटची अमरावती गाडी.
वरुडपर्यंत उभीच होते,
मग जागा मिळाली. कलमाचं पान काढलं,
त्यावर आडवी रेघ मारली,
खाली काय लिहावं ते
मोर्शी आलं तरी सुचलं नाही.

शेजारच्या म्हाताऱ्यानं नाक वर केलं.
"जंबेरी हाय का वं, बाई?"
हो म्हटलं.
"आता कोनी खात नाई," तो म्हणाला,
आणि एक मागून घेतली.